खो-खोमधली रेघ

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज कळले की आम्ही मारामारी करणारा संघ आहोत.

विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयाने आमच्या खो-खो संघाला जागा दिली ती मुष्टियुद्धवाल्यांच्या शेजारची. दहा मीटर लांब, दहा रुंद, भिंतीपर्यंत गाद्या. सोबत पत्र: प्रत्येक खेळाडूने डॉक्टरांचा दाखला आणावा, दातांवर बसवायचे रबरी संरक्षक सक्तीचे. यादीत आमचे नाव 'के.ओ.-के.ओ.' असे छापले आहे. म्हणजे ठोसा लगावून आडवे करणे, आणि तेही दोनदा.

चूक माझी. अर्ज मी लिहिला. चिन्मय (कर्णधार, पुण्याचा, इंग्रजी माध्यमाचा, यापुढे चि.) तोंडी सांगत होता आणि मी ते जर्मनमध्ये उतरवत होते. 'गडी मारणे' याला मी 'श्लागेन' योजले. बुद्धिबळात प्यादे मारतात तेव्हा हे लोक हाच शब्द वापरतात, म्हणून मला तो निर्दोष वाटला. पटाबाहेर त्याचा अर्थ बदडणे. 'बसलेल्या खेळाडूच्या पाठीवर मागून थाप मारून खो देतात आणि वेळ संपेपर्यंत जितके गडी बदडता येतील तितके बदडतात.' हे वाचूनही ज्यांनी आम्हाला पोलिसांऐवजी गाद्या दिल्या, त्यांचे सौजन्यच म्हणायचे.

चि. म्हणाला, "तू लिहिलंस, तूच जा निस्तरायला."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. खिडकीच्या काचेपलीकडे फ्राऊ ड्रेसलर (यापुढे फ्रा.ड्रे.). वय आईएवढे, चष्मा दोरीला. मी घरून पाठ करून नेलेली चार वाक्ये म्हटली. त्यांनी कानामागे हात धरला. "लाउटर, बिटे." जरा मोठ्याने. पुन्हा म्हटली. "लाउटर, बिटे." तिसऱ्यांदा त्यांनी काच सरकवली आणि डोके बाहेर काढले, तेव्हा माझे होते नव्हते ते व्याकरणही गेले.

मग मी जे केले त्याचे अजून आश्चर्य वाटते. कॉरिडॉरमध्ये उकिडवी बसले. खांब कुठे, पाटी कुठे, हे हाताने दाखवले. थाप मारून दाखवायला माणूस हवा होता. तिथे किल्ल्या लावत बसलेली एक उंच मुलगी, आन्के, अर्धवेळ काम करणारी विद्यार्थिनी, आपणहून माझ्यापुढे येऊन बसली. मी तिच्या पाठीला हात लावला, ती उठली आणि थेट झेरॉक्सच्या यंत्रापर्यंत पळाली.

फ्रा.ड्रे. म्हणाल्या, "आख झो." म्हणजे, असं होय तर.

रविवारी दहा ते बारा मोठे सभागृह मिळाले. यादीतले नाव मात्र संगणकात पुढच्या सत्रापर्यंत बदलता येत नाही. तोवर आम्ही के.ओ.

आन्के जिन्यापर्यंत मागे आली. पूर्वी हँडबॉल खेळायची. खांदा निखळल्यावर सोडले. उठवताना काय म्हणायचे असते, असे विचारत होती. मी सांगितले. तिने लगेच म्हणून दाखवले, आणि 'ख' अगदी स्वच्छ. त्यांच्या 'क'मध्ये 'ह' जन्मतःच असतो.

रविवारी ती येणार आहे. ती धरून आम्ही दहा.

२६ ऑक्टोबर, रविवार

नऊ खेळणार, दहावी लिहिणार. दहावी कोण, हे कोणी विचारलेही नाही. चि. म्हणाला, "स्कोअर तुझ्याकडे. तुझ्यासारखं अक्षर आहे कुणाचं?" मी मान हलवली.

शाळेतही हेच. सहावी ते दहावी, शेडगे सरांच्या संघाची गुणपत्रके मी लिहिली. मैदानाच्या कडेला बाक, मांडीवर पुठ्ठा. कोण किती मिनिटे पळाले, कोणी कोणाला टिपले, कोणता फाऊल. खो ऐकू आला नाही तर रकान्यात 'आ.ना.' लिहायचे. आवाज नाही. तेव्हापासून सवय लागली आहे ती मी इतर ठिकाणीही लावते. काल बेकरीत ब्रेड मागितला, बाईंनी मागच्या माणसाला विचारले: आ.ना. सोमवारी सेमिनारला प्रश्न येत असूनही बोलले नाही: आ.ना.

यंदा आणखी तीन गावांत मराठी मुलांनी संघ काढले आहेत, आखन, डार्मश्टाट आणि बोखुम. प्रत्येकाशी एकेक सामना. या देशात या खेळाला अजून दुधाचे दातही आलेले नाहीत, म्हणून नियमपुस्तिका कोणाकडेच नव्हती. ती मी लिहिली. जर्मन आणि मराठी, समोरासमोर. या वेळी 'श्लागेन' कुठेही नाही.

नियम चौदा: खो पंचांना स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने दिला पाहिजे; अन्यथा फाऊल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एकजण तापाने आला नाही. मला घेतले.

पळताना बोलावे लागत नाही, हे मला आजवर सुचले कसे नव्हते? पाच वर्षे मी पाटीकडे बघत होते. कोणाचा खांदा आधी वळतो, कोण उठण्यापूर्वी डावा तळवा टेकतो, हे मला वाचता येते. तीन मिनिटे दहा सेकंद. सुषमाताईने घड्याळ दोनदा बघितले. (सु.ताई: पीएच.डी. करते, आमच्यात सर्वांत वेगवान, तिच्यापुढे चि. सुद्धा आवाज चढवत नाही.) ती म्हणाली, "कुठे लपवून ठेवलं होतंस गं हे?"

मग आक्रमणाची पाळी. चार खो दिले, चारही फाऊल. फाऊल झाला की उलट फिरावे लागते. तेवढ्यात पळणारा श्वास घेतो, पाणी पितो, हवे तर पत्र लिहितो. चि. म्हणाला, "अगं, खो दे. गुपित काय सांगतेस?" सगळे हसले. मीही हसले.

आ.ना. ४.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिला सामना, आखनशी, आमच्याच सभागृहात. नऊविरुद्ध अकरा. हरलो. मी बाकावर, मांडीवर पुठ्ठा.

शेवटी आखनचा कर्णधार गुणपत्रक बघून म्हणाला, इतके सुवाच्य गुणपत्रक त्याने जन्मात पाहिले नाही. फोटोसुद्धा काढला.

सुवाच्य. पहिलीपासून हाच शेरा. एखाद्या दिवशी माझ्याविषयी 'अवाच्य' असे कोणीतरी लिहावे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. तिला सामन्याचे सांगितले, पळाल्याचेही. तिने मागचा टीव्ही बंद केला. मला वाटले रेंज गेली. मग म्हणाली,

"शेडगे सर आले होते गं घरी."

"कधी?"

"तू नववीत असताना. तालुक्याला नाव द्यायचं म्हणत होते तुझं. मधल्या सुट्टीत तुला पळताना बघितलं होतं त्यांनी."

"मग?"

"बाबा म्हणाले, बोर्डाचं वर्ष तोंडावर आलंय. हुशार पोरीनं हातपाय मोडून घेतले तर पेपर कोण लिहिणार? चहा पिऊन गेले सर."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तू गप्पच बसली असतीस."

हे खरे आहे, म्हणून फोन ठेवल्यावरही राग उतरेना. अकरा वर्षे मी समजत होते की माझ्यात ते नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात नवा पुठ्ठा दिला होता, चिमटा लावलेला. मला ते बक्षीस वाटले होते.

आता पेपर कोण लिहिणार, ते बघू.

३० नोव्हेंबर, रविवार

चि. ला सांगितले, मी यापुढे गुण लिहिणार नाही. सायकली लावायच्या जागी गाठले त्याला. वाक्य पाठ केले होते, म्हणून निघाले.

"मग लिहिणार कोण?"

"जो बाहेर बसेल तो."

"आणि बाहेर कोण बसणार?"

"पाळी लावू. अकारविल्हे."

तो विचारात पडला. सु.ताई मागून म्हणाली की पाळी ही न्यायाची गोष्ट आहे, आणि विषय संपला. चि. ने आपल्या मनाशी ए, बी, सी केले असणार, कारण लगेच म्हणाला, आन्के, मग मी, मग डी म्हणजे तू, हरकत नाही.

मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले की अकारविल्हे म्हणजे 'अ'पासून. आन्के पहिली, ठीक. आमच्यात क, ख, ग, घ कोणी नाही, म्हणून दुसरा चिन्मय, हेही ठीक. पण मी, ज्ञानदा, 'ज्ञ'ची. वर्णमालेत ज्ञच्या पुढे काही नसते. तिथे पाटी संपते.

सु.ताई इतकी हसली की तिला सायकल धरून उभे राहावे लागले.

६ डिसेंबर, शनिवार

गावाबाहेर कालव्याच्या काठी, शेताकडे तोंड करून सराव. थंडी. पहिले दहा खो माझे मलाच ऐकू आले. पंधराव्याला एका गाईने वर बघितले. विसाव्याला एक आजोबा थांबले आणि कुत्रा हरवला का, म्हणून आस्थेने विचारू लागले. रंग कोणता, पट्टा आहे का. मी म्हटले, कुत्रा नाही, खेळ आहे. ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि तरीही झुडपांत बघत गेले.

एक गोष्ट लक्षात आली. शाळेत परिपाठाला प्रतिज्ञा मीच सांगत असे. माईक नाही, पुढे आठशे मुले, आणि माझा आवाज फाटकाबाहेरच्या भेळवाल्यापर्यंत जाई. म्हणजे आवाज आहे. शब्द दुसऱ्याचे असले की निघतो. प्रतिज्ञेमागे लपता येते. खो एका अक्षराचा. त्याच्यामागे अंग कुठे लपवणार?

१४ डिसेंबर, रविवार

डार्मश्टाट. गाडी वीस मिनिटे उशिरा, डब्यात चि. ने डावपेच सांगितले, अर्धे हिंदीत.

मी नवांत. आन्के बाकावर, घड्याळ आणि पेन्सिल. तिला 'आ.ना.' शिकवून ठेवले होते.

संरक्षण: २.५०. त्यांचा सर्वांत चपळ मुलगा माझ्यासाठी सूर मारून छातीवर घसरला. मी खांबाला वळसा घालून केव्हाच पलीकडे.

आक्रमण: आन्केच्या पत्रकावर माझ्या नावापुढे पाच वेळा आ.ना. तिने ते देवनागरीत काढले आहे, पहिलीतल्या मुलासारखे, टिंबांसकट. पंच दर वेळी कानाला हात लावायचे आणि शिट्टी. पाचव्यांदा त्यांच्याच बाकावरून कोणीतरी 'आवाऽऽज' म्हणून कुजबुजले.

सातविरुद्ध बारा.

परतताना सगळे आपापल्या फोनमध्ये. हे बोलण्यापेक्षा वाईट.

११ जानेवारी, रविवार

सराव झाल्यावर चि. ने सगळ्यांना थांबवले. शेजारच्या छोट्या सभागृहात रविवारी योगाचा वर्ग असतो. त्या बाईंनी तक्रार केली आहे की शवासनात पडलेल्या माणसांना पलीकडून कोणीतरी सतत दचकवते. क्रीडा कार्यालयाने लेखी कळवले: एक तर खेळाचा शांत प्रकार सुचवा, नाही तर सभागृह सोडा. उत्तरासाठी २७ तारखेला भेटीची वेळ, टेर्मिन, दिली आहे.

चि. तयारच होता. नियम चौदा काढून टाकू. नुसता हात लावला तरी खो. बाकीच्या तिन्ही संघांशी तो बोलूनही आला होता, त्यांची हरकत नव्हती. मग माझ्याकडे बघून, अगदी चांगल्या मनाने: "आणि तुझाही प्रश्न सुटेल. तू एवढी पळतेस, एका अक्षरासाठी कशाला अडायचं? पुस्तिकेत तेवढं एक वाक्य खोड."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सु.ताईनेही.

मला एकदम हलके वाटले. तीनेक सेकंद. मग भयंकर राग आला. आधी स्वतःचा, कारण हलके वाटले होते.

मी म्हटले, "नाही खोडणार."

"काय?"

"नाही खोडणार," मी पुन्हा म्हटले. "खो-खोमधून दोन्ही खो काढ. काय उरतं? मधली रेघ. ती खेळणार आहेस का तू?"

चि. म्हणाला की मी भावनिक होते आहे. दुसऱ्या कोणी म्हटले असते तर समजू शकलो असतो, पण तू? तुला तर येतच नाही द्यायला.

"म्हणूनच," मी म्हटले.

यापुढे मला नीट मांडता आले नाही. इथे मांडते. मला जमत नाही म्हणून नियम गेला, तर ती माझ्यावर दया होईल, आणि ती पुस्तिकेत दोन भाषांत छापली जाईल. शेडगे सर घरी आले होते तेव्हाही सर्वांनी माझे भलेच पाहिले होते. माझे भले पाहून माझा आवाज काढून घेणे पुरे झाले. फाऊल द्यायचे असतील तर द्या. ते माझे आहेत.

आन्केला मराठीतले काही कळले नव्हते. तिने जाताना एवढेच विचारले, आपण अजून ओरडणार आहोत ना? म्हटले, जा. म्हणजे हो.

२७ जानेवारी, मंगळवार

एक पानी निवेदन तयार केले होते. जर्मन, कर्मणी प्रयोगात, तीन मुद्दे. फ्रा.ड्रे. समोर, चि. आणि मी अलीकडे, योगाच्या बाईंचे पत्र टेबलावर. मी उभी राहून वाचू लागले आणि आवाज बरा लागला, परिपाठासारखा.

दुसऱ्या मुद्द्यावर फ्रा.ड्रे. नी हात वर केला. कागद ठेवा, म्हणाल्या. साधे सांगा: ओरडावेच लागते का?

कागद ठेवला. हात एकदम रिकामे.

"लागते. जो उठणार आहे त्याला मागचे दिसत नसते."

"आणि किती मोठ्याने?"

याला वाक्य नव्हते. चि. च्या खुर्चीकडे बघितले, तो बुटांकडे बघत होता. मग मी दिला. एकच. कालव्याकाठच्या विसाव्या खोसारखा, गाय नसताना.

फ्रा.ड्रे. चा चष्मा नाकावरून सुटून दोरीला लोंबला. आणि लगेच शेजारच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज, दोन ढांगा, दार उघडून आन्के उभी. हातात किल्ल्यांचा जुडगा. ती मला म्हणाली, "मला दिलास?"

तिच्या अंगवळणी पडले आहे. ऐकले की उठायचे.

फ्रा.ड्रे. हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिले. बोखुमच्या सामन्याला त्या स्वतः येणार आहेत. सामना बघायला नव्हे. योगाच्या सभागृहात बसून भिंतीपलीकडून ऐकायला. त्यावर त्यांचा अहवाल, अहवालावर समितीचा निर्णय.

जिन्यात चि. म्हणाला, "हे आधी कुठे होतं?" मी उत्तर दिले नाही. हे मात्र आ.ना. मध्ये धरणार नाही. उत्तर द्यायचे नव्हते.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळे लिहून ठेवते, विसरण्यापूर्वी.

पाळी चि. ची. बाकावर, मांडीवर पुठ्ठा. चेहरा असा की कोणी त्याला साडी नेसवली आहे. सु.ताई कर्णधार.

दहाला पाच मिनिटे असताना फ्रा.ड्रे. आल्या. आमच्याकडे बघून मान हलवली, शेजारच्या सभागृहात गेल्या, दार लावले. एक उशी घेऊन.

चि. ने सगळ्यांना, बोखुमवाल्यांनाही, जवळ बोलावले. "आज हळू. पंचांना ऐकू येईल एवढंच, भिंतीला नाही. सभागृह गेलं तर संघच गेला." कोणी वाद घातला नाही. मीही नाही. तो खरे बोलत होता.

आणि मग जे झाले ते माझ्या पाच वर्षांच्या गुणपत्रकांत कुठे नाही. बोखुमला तेवढा बेताचा आवाज जमला, आमचे सगळेच कुजबुजू लागले. ज्यांचे आवाज गेले चार महिने छताला लागत होते ते नऊच्या नऊ ज्ञानदा झाले. सु.ताईने खो दिला: शिट्टी. आन्केने दिला: शिट्टी. मी दिला: शिट्टी, पण तिचे कोणाला नवल नव्हते. बोखुमचे गडी आमच्यामधून फिरायला आल्यासारखे फिरत होते. पहिल्या डावानंतर तीनविरुद्ध आठ. चि. च्या कागदावर आ.ना. ची रांग, मुंग्यांसारखी.

मध्यंतरात पाणी पिताना मी भिंतीकडे बघत होते. पलीकडे एक बाई उशीवर बसून आमची शांतता ऐकत होती, आणि तिला ती आवडत असणार.

दुसऱ्या डावात संरक्षण आधी. २.३० की ३.३०, ते पुढे. मग आक्रमण. मी पाचव्या पाटीवर, भिंतीकडे तोंड. पाठीवर आन्केचा हात, कानात तिचा हलका खो, पंचांनी कसाबसा चालवून घेतला. मी उठले. त्यांचा उंच गडी तीन पाट्यांपलीकडे, सु.ताईच्या पुढ्यात, माझ्याकडे बघत उलटा पळणारा. सु.ताईची पाठ माझ्याकडे. तिने आता उठले पाहिजे, आत्ता, आणि तिला काही दिसत नव्हते.

मी दिला.

कसा होता ते सांगता येत नाही. सुरेल नव्हता. मध्येच फाटला. सभागृहाच्या त्या टोकावरून परत आला. सु.ताई उठली ती जणू जमिनीने ढकलली, आणि उंच गडी वळायच्या आत बाद. शिट्टी एकच, गुणाची.

क्षणभर सगळे माझ्याकडे बघत होते. मग भिंतीकडे. मग आन्के, आता माझ्या जागी पाचव्या पाटीवरची, जर्मनमध्ये म्हणाली, "आता तर ऐकलेच त्यांनी."

त्यानंतर कोणी कुजबुजले नाही. खोंची माळ लागली. दोनदा तर खो देणारा आणि घेणारा दोघेही ओरडले. माझे आणखी चार; एक पुन्हा फाऊल, कारण घाईत हात आधी आणि आवाज नंतर. चि. बाकावर उभा राहून काहीतरी बोंबलत होता आणि लिहायचे विसरला होता.

अकराविरुद्ध बारा. हरलो. एका गुणाने.

चि. ने गुणपत्रक आणून दिले. कोंबडीने शाईत पाय बुडवून काढले असते तर बरे वाचता आले असते. माझी संरक्षणाची वेळ २.३० की ३.३०, हे त्यालाही सांगता येईना. मी कायमची अवाच्य झाले. ते पत्रक या वहीत चिकटवते आहे.

तो म्हणाला, "तुझा तो शेवटचा फाऊल नसता ना, तर बरोबरी होती."

"होती," मी म्हटले. "आणि नियम बदलला असतास तर हा सामनाच नव्हता."

त्याने घड्याळ खिशात टाकले. मग म्हणाला, "पुढच्या वेळी पाळी कुणाची?" म्हटले, अकारविल्हे बघ.

फ्रा.ड्रे. बाहेर आल्या, उशी बगलेत. पहिल्या अर्ध्यात काहीच आक्षेपार्ह नव्हते, असे म्हणाल्या. दुसऱ्या अर्ध्यात एकतीसपर्यंत मोजले, मग सोडून दिले. मग वही मिटून: "त्यांतला पहिला फारच मोठा होता. कोणाचा?"

सगळे काहीतरी बोलणार होते. मी आधी म्हटले, "माझा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये काचेबाहेर डोके काढून बघितले होते तशाच.

९ फेब्रुवारी, सोमवार

घसा बसला आहे. सेमिनारला खरोखरच आ.ना. प्राध्यापकांनी कारण विचारले. फळ्यावर लिहिले: खेळ.

३ मार्च, मंगळवार

क्रीडा कार्यालयाच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते आहे. समितीची बैठक काल झाली. काय ठरले ते भेटीतच सांगतात. आन्केला माहीत असावे, पण आज तिला सांगायची परवानगी नाही, म्हणून ती झेरॉक्सच्या यंत्रापाशी पाठ करून उभी आहे. पाठीवरून काही कळत नाही. मला पाठी वाचता येतात, तरीही.

पुढच्या सत्राचा अर्ज मांडीवर, पुठ्ठ्यावर. निर्णय काहीही असो, अर्ज आधी द्यावा लागतो. खेळाचे नाव: या वेळी मोठ्या अक्षरांत, यादीत गळलेला 'एच' दोनदा गिरवून. 'संघातील भूमिका' या रकान्यात मागच्या वेळी मी 'लेखनिक' लिहिले होते. आज 'खेळाडू'.

एक नवा रकाना छापून घातला आहे, बहुधा आमच्याच कृपेने. आवाजाचे प्रमाण: कमी, मध्यम, मोठे. चि. चा सकाळी संदेश आला: 'बाई, मध्यमवर खूण कर. हात जोडतो.' सु.ताईचा: 'तुला पटेल ते.' आईचाही आला आहे, तिला यातले काही ठाऊक नाही: 'बाबा विचारतात, पुढचा सामना कधी?'

मी 'मोठे'वर खूण केली आहे. शाईने.

सभागृह गेले तर कालव्याकाठी खेळू. गाईंची हरकत नाही, आणि त्या आजोबांना कुत्रा एकदाचा सापडेल. हे लिहायला सोपे आहे. नऊजणांना पावसात, चिखलात दर रविवारी कोण आणणार?

खुर्च्या दोन्ही भिंतींना लावलेल्या, समोरासमोर. चार माणसे, सगळी वाट बघणारी, कोणी कोणाकडे बघत नाही. आमचीच पाटी जणू, दोन्ही टोकांना खांब तेवढे नाहीत. मागचे दार उघडले. फ्रा.ड्रे. माझे नाव घेऊ पाहत आहेत. 'ज्ञ' त्यांच्या जिभेवर अडला आहे. तिसऱ्यांदा प्रयत्न चालू आहे, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

उठते.